वहिनींनी गोळ्या फेकल्या नव्हत्या

दोन महिन्यांपूर्वी, सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींनी एकाचा पंचाहत्तरावा वाढदिवस केला. मला बोलायला उभं करताना एक माजी बँक अधिकारी माइकवर म्हणाला, "यवतमाळला ग्रीन टी कुणी शिकवला असेल तर आपल्या सरांनी." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे साखरेचा चहा संपवून बसले होते आणि उरलेले मधुमेहाची गोळी खिशात ठेवून जिलबीची वाट बघत होते. मी हात जोडले. असे हात जोडण्याची मला जुनी सवय आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण लांबण लावली की मी निसटतो, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं, म्हणजे माझ्या वहिनींनी, रक्तवाढीच्या लोखंडाच्या गोळ्या मोरीत फेकल्या नव्हत्या. आमच्या सगळ्या नात्यात, शेजारात, व्याह्यांत उलटंच माहीत आहे. ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. दादा, माझा थोरला भाऊ, कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. ग्रेडर म्हणजे गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस उपसणारा, त्याचा पुंजका दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून धाग्याची लांबी बघणारा, आणि मग तोंड वाकडं करून दर्जा सांगणारा माणूस. पुंजका गालाला लावून तो ओल सांगायचा. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, हा त्याचा आयुष्यभराचा सिद्धान्त. मारत असतील काही. पण दादाच्या लेखी समोरचा प्रत्येक माणूस पाणी मारूनच आलेला असे. भाजीवाली, सुतार, स्वतःचा व्याही, सगळे ओले. निवृत्त झाल्यावर त्याच्या हाताला कापूस उरला नाही, तेव्हा तो घरातल्या माणसांत कोपरापर्यंत हात घालू लागला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरून गाड्या भरून पत्रकार आणि अभ्यासक यायचे, स्टँडजवळच्या हॉटेलात उतरायचे आणि गावात जाण्याआधी आमच्यासारख्या चार इंग्रजी बोलणाऱ्यांना भेटायचे. आम्ही त्यांना कापसाबद्दल सांगायचो. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात लावून मला तेव्हा तीस वर्षं झाली होती, तरी मी सांगायचो. गळा दाटल्यासारखा करायचो. आमचा नोकरदारांचा वर्ग असाच आहे. खेड्यातलं दुःख त्याला दिवाणखान्यात, पंख्याखाली, बिस्किटाबरोबर चालतं. पाहुणे गेले की विषय निघायचा तो स्वतःच्या कोलेस्टेरॉलचा.

गावाला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी, होती. ती बंद पडली. शेठ हातावर हात धरून बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं त्याच शेडमध्ये ग्रीन टीचं काम सुरू केलं. साखळी पद्धत: एकानं दोघांना जोडायचं, दोघांनी चौघांना. जिथं रुईच्या गाठी रचायचे तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. छपराच्या लोखंडी कैच्यांना जुनी रुई चिकटलेलीच होती. पंखे लावले की तिचे तंतू प्रोजेक्टरच्या उजेडात तरंगत खाली यायचे आणि पुढच्या रांगेतले साहेब लोक ते कोटावरून झटकायचे, जणू कुणी गरिबी अंगावर टाकली.

शेठ एका संध्याकाळी घरी आला. "सर, बेचनेका काम आमचं. तुमी फक्त सायन्स सांगा. मी बोललो तर लोक म्हनतात जिनिंगवाला टोपी घालून राह्यला. तुमी बोलले तर भरोसा येते."

एवढं ऐकून माझी छाती फुगली. तीस वर्षं मी पेंगणाऱ्या पोरांसमोर बोलत होतो. इथं दोनशे प्रौढ माणसं वह्या उघडून बसणार होती. मी मोबदला घेतला नाही, हे पुढं कित्येक वर्षं मी अभिमानानं सांगत असे. ज्याला व्यासपीठावरची खुर्ची पुरते त्याला आणखी काही देण्याचा मूर्खपणा शेठनं कशाला करावा? त्यानं मला दर महिन्याला चहाचा एक हिरवा डबा दिला आणि मला फुकटात विकत घेतलं.

माझा प्रयोग पुष्कळांना अजून आठवतो. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात आयोडीनचे थेंब. पाणी तपकिरी होई. "हे बघा तुमचं शरीर," मी म्हणायचो. "लोखंड गंजतं तसं आपण आतून गंजत असतो. फ्री रॅडिकल्स. आणि आता हा अँटिऑक्सिडंट." मग हिरव्या चहाचा अर्क ओतायचा. पाणी ढवळताच रंग जाई आणि सभागृहातून "वाऽ" असा आवाज येई. लिंबू पिळलं असतं तरी तेच झालं असतं. आयोडीनचं आयोडाइड झालं, बाकी काही नाही. हे मला माहीत होतं. समोर बसलेल्या विज्ञानाच्या दोन शिक्षकांनाही माहीत असावं. पण त्यांनी प्रत्येकी चार-चार माणसं जोडली होती, त्यामुळे तेही "वाऽ" म्हणाले.

शेडच्या दाराशी पूर्वीचा फिटर बसायचा. जिन बंद पडल्यावर शेठनं त्याला चौकीदार करून एक स्टूल दिलं होतं. एकदा माझा ग्लास धुवायला नेताना तो म्हणाला, "सर, पानी तं साफ झालं. आता यानं आमची मशीन चालू होते का, तेवढं पायजा."

जवळचे हसले. मला तो उद्धट वाटला. मी शेठकडे तक्रारही केली, हेही इथं लिहून ठेवतो.

जे तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगतो. हिरव्या चहाच्या पानांत कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. काचेच्या नळीत ती ऑक्सिडीकरण रोखतात, यात वाद नाही. पोटात गेल्यावर त्यातला थोडा भाग रक्तात पोचतो आणि तोही फार काळ टिकत नाही. हा चहा रोज पिणाऱ्या देशांत हृदयाचे आजार काहीसे कमी दिसतात असं अभ्यासक सांगतात. पण ती माणसं खातात वेगळं, चालतात जास्त, तेव्हा श्रेय कशाला द्यायचं याचा निकाल लागलेला नाही. कर्करोगाचं तर कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणजे ते एक बरं, बिनसाखरेचं पेय आहे. त्यापायी गोड चहाचे चार कप सुटले तर तेवढा फायदा मात्र पक्का. हे असं सांगितलं असतं तर एकही डबा खपला नसता. मी "शक्यता" हा शब्द वापरत नव्हतो असं नाही. वापरायचो, पण ज्या सुरात दुकानदार "अटी लागू" म्हणतो त्या सुरात. व्याख्यान संपलं की बाहेर तर्री-पोहे असायचे. वर बोटभर लाल तवंग. आतून गंजलेली माणसं दोन-दोन प्लेट घ्यायची.

आता वहिनींकडे येतो.

त्या वयानं माझ्याहून लहान, नात्यानं मोठ्या. खेड्यातून आलेल्या, सातवी शिकलेल्या. आमची दोन घरं एकाच आवारात होती, आहेत. माझी बायको तेव्हा उमरखेडच्या शाळेत शिक्षिका होती. ती शनिवारी एसटीनं यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. मधले पाचही दिवस मी वहिनींच्या हातचं खात होतो. भाजीत मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगत होतो.

त्या वर्षी त्यांच्या गर्भाशयात गाठ निघाली. महिन्यातले दहा-दहा दिवस रक्त जाई. डॉक्टरबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, पण अंगात रक्त नाही, हिमोग्लोबिन सातावर आहे. "दहाच्या पुढं आणा, मग मी टेबलावर घेते. त्याआधी हात लावणार नाही." लाल रंगाच्या लोखंडाच्या गोळ्या दिल्या, दिवसाला दोन, आणि तीन महिन्यांची मुदत. गाठ वाढत होती, रक्त जात होतं. भरायचं वेगानं, नाहीतर गळतीच जिंकणार, असा तो मामला होता.

आठवड्याभरानं मला वाढताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते गोळी घेतली का तोंडात खिळा धरल्यावानी वाटते. अन् दिवसभर मळमळ."

त्यांनी डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं. पण घरात प्रोफेसर असताना त्या दवाखान्यात कशाला फोन करतील? मी ताटावरून उठलो, माझ्या घरातून हिरवा डबा आणला आणि त्यांच्या ओट्यावर ठेवला. "गोळी याच्याबरोबर घ्या. मळमळ थांबेल. आणि डबल फायदा."

"कडू असन नं?"

"कडू आहे म्हणूनच तर औषध आहे."

"तुमी म्हनता तं घेतो," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी घेतला. सकाळी एक, संध्याकाळी एक, शिवाय जेवणावरून एक, कारण मी म्हणालो होतो की जेवणानंतर घेतला तर चरबी साचत नाही. त्यांच्या अंगावर चरबी नव्हतीच. मनगटाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत. डॉक्टरबाईंनी विचारलं तर दाखवता यावीत म्हणून.

महिन्यानं रक्त तपासलं. सात. दुसऱ्या महिन्यानं तपासलं. सातच्याही खाली. डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गोळ्या घेता की नुसत्या नेता?" वहिनींनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरबाईंनी तो उघडलासुद्धा नाही. त्या दादाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही लक्ष ठेवा." ऑपरेशनची तारीख पुढं गेली.

दादाला एवढंच हवं होतं. घरी आल्याबरोबर त्यानं अंगणातच सुरू केलं. आवार ऐकत होतं.

"सारी जिंदगी कापूस पाह्यला मी. वरून पांढरा अन् आतून ओला. हे रिकाम्या पाकिटाचं मले नको दाखवू. गोळी काढून मोरीत टाकाले किती टाइम लागते?"

"कायले टाकू मी? माह्याच जिवाचं हाये नं ते?"

"मळमळ होते म्हनत होती ना तू? मंग!"

"होत होती. आता नाई होत. भाऊजीनं उपाय देला."

मी माझ्या खिडकीत उभा होतो. माझा उपाय असा अंगणात गाजताना मला बरं वाटलं. अजून मला काही कळलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या बाजूनं सांगण्यासारखी ही शेवटची गोष्ट.

चार दिवसांनी सकाळी दादानं हाक मारली. "इकडे ये बे, प्रोफेसर. पाह्य, चोरी पकडली."

मी गेलो. वहिनी मोरीच्या उंबऱ्याशी ओल्या हातानं उभ्या होत्या. मोरीला पांढऱ्या फरशा होत्या. पाणी जायच्या जाळीभोवती काळानिळा डाग पडला होता, शाई सांडावी तसा. बाजूला त्यांचा कप पालथा होता. दादानं तो उचलून माझ्या नाकाशी धरला. आत बुडाशी तसंच काळं कडं.

"तोंडात धरते अन् इथं थुंकते," दादा म्हणाला.

"थुंकत नाई जी," वहिनी म्हणाल्या. "गोळी मोठी हाये, घशात अडकते. म्हनून त्या चहात भिजवतो, ढवळतो, अन् पितो. बुडाशी काळं राह्यते जरासं. तो कप इथं इसळतो."

"लाल गोळी काळी कायची होईन?" दादा माझ्याकडे वळला. "तू सांग. तू केमिस्ट्रीवाला. लाल गोळीचं असं काळं पानी होते का?"

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना मी प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी एक गंमत दाखवत असे. पोरं प्रयोगशाळेला घाबरलेली असतात, त्यांना हसवायला. कॅन्टीनमधून बिनदुधाचा चहा मागवायचा आणि त्यात लोखंडाच्या क्षाराचे दोन थेंब टाकायचे. चहा क्षणात काळानिळा. "ही बघा शाई," मी म्हणायचो, आणि त्यात काडी बुडवून फळ्याशेजारच्या कागदावर वर्ष लिहायचो. चहातली द्रव्यं लोखंडाला पकडतात. पकडलेलं लोखंड आतड्याला सहजासहजी मिळत नाही. ते आलं तसं निघून जातं. आणि पकडणारी ही द्रव्यं म्हणजे ज्यांची आरती मी लोहाऱ्याच्या शेडमध्ये गात होतो तीच, किंवा त्यांचीच भावंडं. हे मी तीस वर्षं शिकवलं होतं. फरशीवरचा तो डाग माझ्याच हस्ताक्षरात होता.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आता भाऊजी सांगतील आणि मिटेल, अशा खात्रीनं त्या उभ्या होत्या.

मी म्हणालो, "बघावं लागेल, दादा."

बस, एवढंच म्हणालो. तीस वर्षं बघत आलेला माणूस म्हणाला, बघावं लागेल. दादानं कप आपटला. "पाह्य, त्यालेही पटत नाई." आणि वहिनींनी मान खाली घातली. मी घरी येऊन दाढी केली.

का बोललो नाही, त्याचं कारण इतकं क्षुद्र आहे की लिहिताना पेन अडतं. त्या रविवारी शेठनं गावातल्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. पाहुणे येणार होते, माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता आणि पत्रिकेवर माझं नाव सोनेरी अक्षरांत छापलं होतं. बुधवारी घरात कबूल करायचं की माझ्या चहानं वहिनींचं रक्त अडवलं, आणि रविवारी त्याच चहाची महती गायची, हे मला जमलं नसतं. मग दोहोंतलं एक सोडायचं होतं, आणि मी वहिनींना सोडलं. रविवारनंतर सांगू, असं ठरवलं. रविवारी आयोडीनचं पाणी पुन्हा स्वच्छ झालं आणि पुन्हा "वाऽ" झालं.

सोमवारी मी एक युक्ती केली. तिच्याइतकी किळसवाणी गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही. वहिनींच्या ओट्यावरचा हिरवा डबा उचलला आणि म्हणालो, "वैनी, आता ऊन तापायला लागलं. हा चहा उष्ण पडेल. गोळी लिंबूपाण्यासोबत घेत चला." लिंबातल्या आम्लानं लोखंड चांगलं शोषलं जातं, हे मला माहीत होतं. त्यांना मी उन्हाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमाले किती ध्यान राह्यते, भाऊजी."

दादानं त्याच आठवड्यापासून पहारा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ समोर उभा राही. "गिळ. आ कर. जीभ वर कर." पुढच्या महिन्यात रक्त चढलं, त्याच्या पुढच्या महिन्यात दहाच्या वर गेलं. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, वहिनी घरी आल्या. डॉक्टरबाई दादाला म्हणाल्या, "बघा, लक्ष ठेवलं की होतं."

म्हणजे माझ्या चोरट्या दुरुस्तीनं त्यांच्यावरचा आळ पक्का केला. आता पुरावाच होता: कुणी बघत नव्हतं तेव्हा रक्त उतरलं, दादा उभा राहिला तेव्हा चढलं. दादा हे पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगू लागला. "आमच्या बाईले गोळी खाऊ घालाले मले पोलीस बनावं लागलं." लोक हसायचे. वहिनी पहिल्या काही वर्षांत म्हणायच्या, "नव्हत्या फेकल्या मी." मग लोक आणखी हसायचे. नंतर त्या वाढायला निघून जायच्या. मीही त्या पंगतींत होतो. एकदा तर मीही हसलो. शेठचं काम दोन-तीन वर्षांत बुडालं आणि तो वसाहतीतून कुठं गेला कोण जाणे. माझा ग्रीन टीचा लौकिक मात्र टिकला. वहिनींचाही टिकला.

बायको गेल्यापासून मी पुन्हा वहिनींच्या घरी जेवतो. आता तिथं त्यांचा मुलगा आणि सूनही असतात. वहिनींना रक्तदाबाची गोळी आहे. गोळ्यांचा डबा सुनेच्या कपाटात, कुलपात. सून वाईट नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगितली, म्हणून ती रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी गोळी देते आणि म्हणते, "आई, जीभ वर करा बरं." अडुसष्ट वर्षांची बाई तोंड उघडून जीभ वर करते. मी शेजारी बसून पोहे खातो.

त्या वाढदिवसाच्या टाळ्यांनंतर आठवड्याभरानं वहिनी पडल्या. सून गोळी देऊन गेली होती. दादानं ते पाहिलं नव्हतं. दहा वाजता त्यानं जादा ठेवलेल्या पाकिटातली गोळी काढली. वहिनी म्हणाल्या, "घेतली मी." दादा म्हणाला, "तू अन् घेतली!" आणि समोर उभा राहून दुसरी घ्यायला लावली. दुपारी त्यांना चक्कर आली आणि त्याच मोरीत त्या कोसळल्या. कपाळाला तीन टाके. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं दोनदा गोळी कशी गेली म्हणून विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, "काय करता डॉक्टर, हिची जुनी सवय हाये. खरं-खोटं कळत नाई." खाटेवर वहिनी डोळे मिटून होत्या. त्या झोपलेल्या नव्हत्या.

मला कळलं की उद्या हेच होणार आणि परवाही. ही बाई पोटात दुखतं म्हणेल आणि हे लोक तिची जीभ तपासत बसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून हिरवा चहा आणि औषधाच्या दुकानातून लाल गोळ्या आणल्या. सगळे जेवणाच्या टेबलाशी होते. मी पांढरा कप मागितला, गरम पाणी मागितलं, चहा केला. "काय तमाशा हाये बे?" दादा म्हणाला. मी गोळी चमच्यानं चेपून आत टाकली आणि ढवळली. आधी मळकट, मग करडं, मग काळंनिळं. बुडाशी तेच कडं.

कुणी "वाऽ" म्हणालं नाही.

मी सगळं सांगितलं. डबा, मोरी, रविवार, लिंबू. दादानं कपात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, कापूस बघायचा तसं उजेडात धरून पाहिलं.

"हे तुले तवा माहीत होतं?"

"होतं."

"मी तुले इचारलं होतं."

"हो."

"भैताड," तो म्हणाला. मग खुर्ची सरकवून उठला. मूर्ख तो मला म्हणाला की स्वतःला, ते मी विचारलं नाही. तो अंगणात जाऊन उभा राहिला, गेटकडे तोंड करून. त्यानं वहिनींची माफी मागितली नाही. आमच्या घराण्यातल्या पुरुषांना ते येत नाही, फक्त भाषणं येतात.

सून उठली, कपाटातून गोळ्यांचा डबा आणून वहिनींसमोर ठेवला आणि कुलूप काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

वहिनींनी डब्याला हात लावला नाही. त्या कपाकडे बघत होत्या. कपाळावर पांढरी पट्टी. त्या म्हणाल्या, "कॉलेजातल्या पोरांले दाखवत होते तुमी हे?"

"दरवर्षी."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

मी सत्काराचं पुन्हा सांगू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "ते आयकलं मी. अन् ते लिंबूपानी. मले वाटे, भाऊजीनं उन्हाचं किती ध्यान ठेवलं. माह्या बहिनीले सांगितलंतं मी, दीर असावा तं असा."

मुलगा म्हणाला, "जाऊ दे आई, झालं ते झालं. आता आम्हाला कळलं ना."

"तुमाले तिघाले कळलं," वहिनी म्हणाल्या. "यायनं लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं. व्याह्यायले सांगितलं. सारं यवतमाळ हासलं मले. अन् भाऊजी घरात, दार लावून सांगून राह्यले." मग माझ्याकडे वळल्या. "तुमाले लिहता येते ना? लेख छापून येतात ना तुमचे? मंग तितक्याच लोकायले सांगा."

"लिहितो," मी म्हणालो.

"नाव नका टाकू पन. माह्यं नका टाकू, अन् तुमचं तं अजिबातच नका टाकू. नाई तं खरं बोलले म्हनून अजून एक शाल घेऊन याल."

सून हसली. मी पहिल्यांदाच त्या घरात हसण्याजोगा झालो होतो, आणि ते योग्यच होतं.

म्हणून यात कुणाचंही नाव नाही. ज्यांनी ती गोष्ट पंगतीत ऐकली आहे त्यांना नावाची गरज पडणार नाही. फिरायला येणाऱ्या मंडळींनाही पडणार नाही. त्यांना एवढंच सांगतो की हिरवा चहा प्यायचा तर खुशाल प्या, पण लोखंडाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चांगलं अंतर ठेवा, आणि माझ्यासारख्या माणसाला विचारण्याऐवजी डॉक्टरला विचारा.

काल दुपारी मी हे सगळं वहिनींना वाचून दाखवलं. दादा पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसला होता, पान उलटत नव्हता. वहिनी लसूण सोलत ऐकत होत्या. मध्ये कुठं थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मोरीपाशी तुमी काय बोलले, ते लिहलं का? जसंच्या तसं?"

"लिहिलं."

"परत वाचा तेवढं."

मी परत वाचलं: "बघावं लागेल, दादा." त्यांनी लसणाची टरफलं ताटात गोळा केली आणि उठल्या.

"मंग द्या छापाले," त्या म्हणाल्या.